रोल धुताना

पूर्वी घरात लग्न झालं, सहल झाली, की पुढचे आठ दिवस एक वाक्य ठरलेलं असायचं : ‘रोल धुवायला टाकलाय.’ आग्फा क्लिक थ्रीमधला बारा फोटोंचा रोल असो की छत्तीस फोटोंचा ३५ मिलिमीटरचा, तो पेठेतल्या एखाद्या स्टुडिओत जायचा आणि काय आलं, काय गेलं, हे तो परत येईपर्यंत कळायचं नाही. मराठीनं या कामाला ‘धुणं’ हाच शब्द का दिला, हे पहिला रोल आपल्या बाथरूममध्ये धुतला की समजतं. बादली, मग, दोरी, चिमटे, सगळं सामान धुण्याचंच.

फोटोग्राफीची आवड बहुतेकांना कॅमेऱ्यामुळे लागते आणि बऱ्याचदा ती कॅमेऱ्यापाशीच अडकते. आणखी एक लेन्स, आणखी एक बॅग. माझं ठाम मत आहे की ती पुढे सरकवायची असेल तर ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुवायला शिकावं. निगेटिव्ह हातात धरली की उजेड कुठे किती पडला होता याचा हिशोबच समोर येतो : जास्त उजेड तिथे दाट काळं, कमी उजेड तिथे पातळ, उजेडच नव्हता तिथे कोरी फिल्म. दहा-पंधरा रोल असे बघून झाले की डोळा हा हिशोब बटण दाबायच्या आधीच मांडू लागतो. समोर काय आहे याच्याआधी त्यावर उजेड कसा पडलाय ते दिसायला लागतं. आवड मुरते म्हणजे माझ्या मते नेमकं हेच होतं.

कॅमेरा कोणताही चालतो. माळ्यावर जुना असेल तर तोच काढावा. नसेल तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात कधीकधी मिळून जातो, पण घेताना घाई करू नये. मागचं झाकण उघडून शटर एक सेकंदावर लावा आणि दाबा. ते अडखळलं, अर्धवट उघडं राहिलं तर आतलं वंगण घट्ट झालंय. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडून दुसऱ्या बाजूनं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी आहे, आणि काचेवरचं कोटिंग तिनं खाल्लं असेल तर साफ करूनही डाग राहतो. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी नको; लेन्समधलं उजेडाचं भोक त्याच लहान-मोठं करतात. झाकणाच्या कडेचा काळा फोम बोटाला चिकटत असेल तर तो बदलावा लागणार. त्यातून उजेड आत शिरतो. आणि ज्या कॅमेऱ्यांचा उजेड मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा, त्यांत आजचा १.५ व्होल्टचा सेल घातला तर मीटर चुकीचं वाचन देतो. तेव्हा मीटर बंद असलेला पण शटर ठणठणीत असलेला कॅमेरा बेलाशक घ्यावा. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं (फिल्म उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा), हा नियम मीटरशिवाय भागवतो. एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान. आयएसओ ४०० ची फिल्म असेल तर एफ १६ ला १/५०० सेकंद. हलकं ढगाळ झालं तर एफ ११, ढग भरून आले तर ८, अंधारून आलं तर ५.६.

खरी परीक्षा उन्हात नसते, काळ्या दगडापाशी असते. ती द्यायला जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरासारखी जागा नाही. आठव्या शतकातलं हे लेणं एकाच काळ्या कातळातून कोरलेलं. समोर मोकळ्या चौकात खांबांवर उभा असलेला गोल नंदीमंडप, त्यामागे खांबांच्या ओळी, आणि आत जावं तसा उजेड पायरीपायरीनं उतरत जातो. चौकात ऊन असताना तिथलं एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू द्यायचा उजेड, एफ १६ ला १/५०० आणि आतल्या खांबापाशी एफ २.८ ला १/३० येऊ शकतं. म्हणजे नऊ स्टॉपचा फरक; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. डोळा तो सहज सांभाळतो, म्हणून फोटो काढताना खटकत नाही. फिल्मवर मात्र एकतर आतले खांब कोऱ्या फिल्ममध्ये बुडून जातात, नाहीतर चौकातलं ऊन इतकं दाट होतं की प्रिंटमध्ये त्याचा पांढरा ठिपका उरतो.

त्यात मीटर आणखी एक घोळ घालतो. मीटरला दगड काळा आहे हे ठाऊक नसतं. ज्यावर रोखाल ते मध्यम राखाडी आहे असं धरूनच तो आकडा देतो. काळ्या खांबावर रोखून त्यानं दिलेलं एक्स्पोजर जसंच्या तसं लावलं, तर बेसॉल्ट सिमेंटच्या रंगाचा दिसतो. म्हणून आतल्या खांबाचा जो भाग काळा तरीही पोत दाखवणारा हवा आहे, त्यावर मीटर लावायचा आणि दोन स्टॉप बंद करायचं. मीटरनं एफ २.८ ला १/३० सांगितलं तर एफ २.८ ला १/१२५. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी फोटोग्राफरांनी १९४० च्या सुमारास बांधलेल्या झोन सिस्टिमचा गाभा हाच आहे : मीटर राखाडी सांगतो, ती वस्तू किती काळी किंवा किती उजळ हवी हे आपण ठरवायचं.

आता सावली सांभाळली, पण उन्हाचं काय? ते टँकमध्ये, म्हणजे फिल्म धुवायच्या उजेडबंद डब्यात, सांभाळायचं असतं. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, सावलीच्या भागात लवकर आपलं काम उरकतो, कारण तिथे एक्स्पोज झालेली चांदी थोडीच असते. उन्हाच्या भागात तो शेवटपर्यंत काम करत राहतो. त्यामुळे वेळ कमी केला की सावली फारशी हलत नाही, ऊन मात्र ताब्यात येतं. पाताळेश्वरासारख्या जागी ४०० ची फिल्म २०० ची समजून वापरावी आणि धुताना वेळ साधारण २० टक्के कमी करावा. याच्या उलटं पालखीच्या दिवसांत. ज्येष्ठ वद्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा आभाळ बहुधा भरलेलं असतं. नाना पेठेत, भवानी पेठेत वारकऱ्यांचे पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या आणि वर पांढरट आभाळ, सावली कुठेच नाही. असा रोल नेहमीच्या वेळात धुतला तर सगळं पिठासारखं दिसतं. तो १५ टक्के जास्त धुवावा. म्हणजे एका रोलवर एकाच जातीचा उजेड ठेवावा. अर्धा लेण्यात आणि अर्धा पालखीत काढलात तर धुताना कोणाला तरी न्याय मिळत नाही.

रोल टँकच्या रीळवर, म्हणजे फिल्म गुंडाळून बसवायच्या खाचांच्या चकतीवर, चढवणं हा या कामातला एकच भाग असा आहे, की ज्यात डोळ्यांचा काही उपयोग नाही. इथे बहुतेकांचा पहिला रोल बिघडतो, म्हणून सावकाश सांगतो.

अंधार म्हणजे पूर्ण अंधार. सिनेमात डार्करूममध्ये लाल दिवा दिसतो तो कागदावर फोटो छापतानाचा. कागदाला लाल दिसत नाही. आजच्या फिल्मला सगळे रंग दिसतात. त्यामुळे गीझरचा लाल दिवासुद्धा रोल वाया घालवू शकतो, आणि तो नेमका आपण विसरतो. त्याचा स्विच बंद करा. मोबाइल आणि रेडियमचे काटे असलेलं घड्याळ बाहेर. दाराखालच्या फटीला दुमडलेली सतरंजी, झरोक्याला काळा कार्डशीट. मग दिवा घालवून दहा मिनिटं नुसतं बसा. दहाव्या मिनिटाला पांढरा मग दिसत असेल तर कुठून तरी उजेड येतोय; तो शोधा. रात्री केलं तर निम्मी कटकट वाचते.

बिघडलेला किंवा मुदत संपलेला एक रोल सरावाला हवाच. आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात, असा दहा वेळा चढवा. छत्तीस फोटोंची फिल्म साधारण १.६ मीटर लांब असते, म्हणजे अंधारात ती जमिनीला लागते, पायात येते. म्हणून सगळी डबीतून बाहेर ओढू नका, रीळवर जाईल तशी सोडत जा. सुरुवातीची जीभ कापून टाकताना कात्री कडेच्या भोकांच्या मधून चालवा. भोक अर्धं कापलं गेलं तर तो दात रीळमध्ये अडकतो. दोन्ही टोकं कात्रीनं जराशी गोलसर करा. अडकली तर जोर लावू नका. फिल्म वाकली की त्या जागी चंद्रकोरीसारखी खूण उमटते आणि ती कधी जात नाही. दोन घेर मागे घ्या, रीळवर हलकी टिचकी मारा, पुन्हा चढवा.

प्लॅस्टिकचं रीळ ठणठणीत कोरडं हवं. ओल्या रीळला फिल्म चिकटते. पावसाळ्यात उजेड न शिरणाऱ्या चेंजिंग बॅगमध्ये हात घालून काम करणाऱ्यांना हाच त्रास होतो : सात-आठ मिनिटांत तळहाताला घाम येतो, बॅगेत दमट वाफ साठते आणि फिल्मवरचं जिलेटिन मऊ पडतं. अशा वेळी फिल्म टँकमध्ये टाकून झाकण लावा, हात बाहेर काढून पुसा, पंख्याखाली पाच मिनिटं थांबा. झाकण लागलेल्या टँकमध्ये फिल्मला काही होत नाही.

झाकण बसलं की दिवा लावायचा. इथून पुढे सगळं उजेडात.

रसायनं तीन : डेव्हलपर, त्याचं काम थांबवणारा स्टॉप बाथ आणि चित्र पक्कं करणारा फिक्सर. शेवटी एक साबणासारखं. आयडी-११ किंवा डी-७६ हे डेव्हलपर जवळजवळ एकाच सूत्राचे आहेत. डी-७६ कोडॅकनं १९२० च्या दशकात आणला आणि त्याचं सूत्र उघडं आहे : एका लिटरमध्ये मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. प्रयोगशाळेची रसायनं मिळत असतील आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असेल तर घरी बनवता येतो. ७५० मिलिलिटर पाणी ५० अंशांपर्यंत गरम करा, चिमूटभर सल्फाइट टाका, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्या, आणि त्यानंतरच उरलेलं सल्फाइट, हायड्रोक्विनोन, बोरॅक्स, याच क्रमानं. शेवटी पाणी घालून एक लिटर करा. सल्फाइट आधी सगळं टाकलं तर त्या दाट द्रावणात मेटॉल नीट विरघळत नाही. पावडर ओतताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे असावेत. मेटॉलनं काही जणांच्या त्वचेला खाज सुटते. तयार पाकीट आणलं तरी बिघडत नाही, आणि सुरुवातीला तेच आणावं.

बाटली गच्च भरलेली आणि घट्ट बंद असेल तर स्टॉक, म्हणजे पातळ न केलेलं हे द्रावण, सहा महिने टिकतो. अर्धी झाली की महिनाभरच, कारण आतली हवा त्याला खराब करते. काचेच्या गोट्या धुऊन बाटलीत टाका म्हणजे पातळी पुन्हा तोंडापर्यंत येते. द्रावण चहासारखं तपकिरी दिसलं तर फेकून द्या, त्यावर रोल लावू नका.

३५ मिलिमीटरच्या एका रोलला पॅटर्सनच्या टँकमध्ये २९० मिलिलिटर लागतं, म्हणून ३०० धरा. आयडी-११ चा स्टॉक १५० आणि पाणी १५०. स्टॉप बाथ १५ मिलिलिटर आणि पाणी २८५. रॅपिड फिक्सर ६० आणि पाणी २४०. एचपी ५ प्लस या ४०० च्या फिल्मसाठी या पातळ केलेल्या आयडी-११ मध्ये २० अंशांना १३ मिनिटं. पाताळेश्वराचा रोल असेल तर साडेदहा, पालखीचा असेल तर पंधरा.

आणि इथे पुणं आडवं येतं. हे सगळे आकडे २० अंशांचे आहेत. पुण्यात जानेवारीच्या पहाटे ते सहज जमतं. एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला अर्धं तापवल्यासारखं येतं. तापमान वाढलं की डेव्हलपर भराभर काम करतो. दर तीन अंशांना वेळ साधारण पाव हिश्शानं कमी होतो. २० ला १३ मिनिटं, तर २४ ला ९. इथवर ठीक. ३० च्या पुढे हिशोब पाच मिनिटांच्या आसपास येतो आणि इतक्या थोड्या वेळात फिल्म सारखी धुतली जात नाही, आभाळात पट्टे पडतात. शिवाय गरम पाण्यात जिलेटिन फुगून इतकं मऊ होतं की नख लागलं तरी ओरखडा.

उन्हाळ्यात यावर पुण्यातला चांगला उपाय म्हणजे माठ. कोरड्या हवेत माठ चांगला पाझरतो आणि बाहेर ३७-३८ अंश असताना आतलं पाणी दहा-बारा अंशांनी खाली राहतं. रसायनं पातळ करायला तेच पाणी वापरा. बाटल्या आणि टँक ठेवायला एक मोठी परात किंवा घमेलं घ्या, त्यातही माठाचंच पाणी, आणि बर्फाचे चार-पाच खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोडा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नये, तो वितळून द्रावण पातळ करतो. २४ अंशांवर सगळं स्थिर झालं की थांबा. ओढूनताणून २० वर आणण्यापेक्षा २४ वर सगळं सारखं ठेवलेलं केव्हाही बरं. डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर आणि धुण्याचं पाणी यांत मोठा फरक पडला तर जिलेटिन आकसतं आणि फिल्मवर सुरकुत्यांची जाळी उमटते. जुलैत माठ दगा देतो, कारण हवाच ओली असते आणि पाणी उडून जात नाही. पण तेव्हा नळाचं पाणीही एप्रिलइतकं तापलेलं नसतं, बर्फाच्या दोन खड्यांत भागतं.

थर्मामीटर मात्र नीट हवा. ताप बघायचा चालत नाही, तो ३५ च्या खाली वाचतच नाही.

डेव्हलपर ओतला की घड्याळ सुरू. पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा उलटा-सुलटा करा आणि तळहातानं खालून दोनदा ठोका, म्हणजे फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतात. मग दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा. लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. अजिबात न हलवलेल्या फिल्मवर वापरून थकलेला डेव्हलपर तसाच बसून राहतो. जोरजोरात हलवलं तर कडेच्या भोकांतून डेव्हलपर फवाऱ्यासारखा जातो आणि भोकांच्या शेजारी दाट पट्टे दिसतात. शांतपणे, प्रत्येक वेळी तितकंच हलवायचं. हात कसा हलतो याला महत्त्व नाही, दर वेळी सारखा हलतो का याला आहे. तरच वेळ कमी-जास्त केल्याचा परिणाम खरा कळतो.

वेळ संपण्याच्या दहा सेकंद आधी ओतायला लागा. स्टॉप बाथ दहा सेकंद. तो नसेल तर पांढरं व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून चालतं. मग फिक्सर तीन ते पाच मिनिटं. फिक्सर अजून कामाचा आहे का हे बघायला कापून टाकलेली जीभ वापरा : उजेडात तिचा तुकडा फिक्सरमध्ये टाका, दुधाळपणा जाऊन ती पारदर्शक व्हायला किती सेकंद लागले ते मोजा. फिक्सिंगचा वेळ त्याच्या किमान दुप्पट ठेवा. ताज्या फिक्सरला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ लागायला लागला की तो संपला.

धुण्यासाठी नळ सोडून बसायची गरज नाही. टँक भरा, पाच वेळा उलटा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा, वीस वेळा. लिटरभर पाण्यात काम होतं, आणि मे महिन्यात पाणीकपात असताना हे मोलाचं आहे. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्ड, बॅटरीत घालायचं मिळतं ते. घेताना ते अ‍ॅसिड नाही ना, एवढं लेबल वाचून बघा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं, वाळल्यावर क्षाराचे गोल ठसे सोडतं आणि ते अगदी आभाळाच्या मधोमध बसतात. या पाण्यात फोटो-फ्लोसारखं वेटिंग एजंट, म्हणजे ते साबणासारखं, ३०० मिलिलिटरला दीड मिलिलिटर. बिनसुईच्या सिरिंजनं मोजा. फेस झाला तर जास्त पडलंय.

वाळवण्याआधी बाथरूममध्ये गरम पाणी दोन मिनिटं सोडून वाफ करा, ती हवेतली धूळ खाली बसवते. मग फिल्म दोरीला चिमट्यानं लावा, खालच्या टोकाला दोन चिमटे वजनाला, दार बंद. पंखा नको, बोटांनी निपटणं नको. एप्रिलमध्ये दीड-दोन तासांत वाळते, जुलैत रात्रभर टांगून ठेवावी लागते. ओलसर फिल्म पिशवीत घातली तर पिशवीला चिकटते, आणि पावसाळ्यातली बुरशी लेन्सइतकीच जिलेटिनवरही वाढते. वाळली की सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापून पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांत ठेवा, पीव्हीसीच्या नकोत. त्या पिशव्या आणि लेन्सेस हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि छोट्या हायग्रोमीटरसह. दमटपणा ४० ते ५० टक्के हवा. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवलं तर पुन्हा निळं होतं. डब्यात तांदूळ ठेवायचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका. ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याची भुकटी लेन्सवर बसते. याच शहरात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय फिल्म जपतं आहे, आणि थंड-कोरडी हवा हेच तिथलंही पहिलं पथ्य.

वापरलेल्या फिक्सरबद्दल एक विनंती. त्यात फिल्ममधली विरघळलेली चांदी असते. तो मोरीत ओतला की शेवटी मुठेत जातो. जुन्या कॅनमध्ये साठवा आणि त्यात घासायची लोखंडी लोकर टाकून आठवडाभर ठेवा. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. एवढं तरी करावंच.

पहिला रोल वाईट आला तर तो टाकू नका, वाचा. फिल्मच्या कडेला छापल्यासारखे दिसणारे आकडे कारखान्यातच उजेडानं उमटवलेले असतात आणि तुमच्या डेव्हलपरमध्येच दिसू लागतात. म्हणून ते खरे साक्षीदार. आकडे स्वच्छ काळे आणि फ्रेम कोऱ्या असतील तर धुलाई नीट झाली, पण उजेडच पोचला नाही. बहुधा फिल्म तिला पुढे ओढणाऱ्या स्पूलवर चढलीच नव्हती. कॅमेऱ्यात रोल भरल्यावर पुढे सरकवताना डावीकडची गुंडाळायची गुंडी फिरते का ते बघायची सवय यासाठीच. आकडेसुद्धा नसतील तर डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी पडला. दोन्ही काळेकुट्ट असतील तर उजेड शिरला. दुधाळ असेल तर फिक्सिंग कमी, पुन्हा फिक्सरमध्ये घातली की निघतं. छोटे कोरे गोल दिसले तर ते बुडबुडे. सावल्या कोऱ्या आणि आकडे दाट, तर एक्स्पोजर कमी. सावल्यांत तपशील आहे पण सगळं पातळ आणि आकडेही फिके, तर डेव्हलपिंग कमी. शेवटच्या दोहोंतला फरक ओळखता आला की पुढच्या रोलला काय बदलायचं ते आपोआप कळतं. वहीत प्रत्येक रोलची तारीख, जागा, उजेड, तापमान, मिनिटं लिहून ठेवा.

विसर्जनाच्या रात्री हीच वही उपयोगी पडते. लक्ष्मी रस्त्यावर दिव्यांच्या उजेडात ४०० पुरत नाही, म्हणून एचपी ५ सोळाशेची समजून वापरतात आणि आयडी-११ च्या न पातळ केलेल्या स्टॉकमध्ये २० अंशांना १४ मिनिटं धुतात. २४ ला साडेनऊ. चेहरे, ताशाची चामडी, ध्वजाची कड येतात. सावल्या येत नाहीत, कारण जिथे उजेड पडलाच नाही तिथे जास्त धुऊन काही निघत नाही. ढोल वाजवणाऱ्याच्या मागचा अंधार अंधारच राहणार हे धरूनच फ्रेम बांधावी.

निगेटिव्ह आजकाल बरेच जण लाइटबॉक्सवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्यानं उतरवतात. सोयीचं आहे, पण सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम आपणहून सुधारून देतं आणि चूक लपते. काँटॅक्ट शीट, म्हणजे पट्ट्या थेट फोटोच्या कागदावर ठेवून काढलेला छाप, काही लपवत नाही. आठ बाय दहाचा कागद, त्यावर सहा पट्ट्या, वर काच. आता लाल दिवा चालतो. मीटरभर उंचीवर झिरोचा बल्ब, आणि कागदाच्या एका पट्टीवर आधी दोन-दोन सेकंदांनी वाढत जाणारा उजेड देऊन बघायचा. फिल्मची कोरी कड कागदावर पूर्ण काळी होते, भोकांच्या काळ्यापासून वेगळी ओळखू येईनाशी होते, तो सगळ्यांत कमी वेळ म्हणजे बरोबर वेळ. त्याच वेळेला सगळा रोल छापायचा. ज्या फ्रेम त्यात नीट दिसतात, त्यांचं एक्स्पोजर नीट होतं.

कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये एकदम बुडवा आणि एक कोपरा हलका उचलत-सोडत राहा. साठ सेकंद. आधी काही होत नाही. मग पट्ट्यांच्या कडा काळ्या पडतात आणि त्यांत फ्रेमचे आकडे पांढरे उरतात. त्यानंतर लेण्याच्या आतला अंधार येतो, मग खांब सुटे होतात, नंदीची पाठ दिसते. चौकातली जागा अजून कोराच कागद असतो. लाल उजेडात जरा वाकून बघावं लागतं, पण वेळ दोन-अडीच मिनिटं कमी दिली असेल, तर पंचेचाळिसाव्या सेकंदाच्या सुमाराला तिथेही, उन्हात, दगडाचा खरबरीत पोत उमटायला लागतो.